हिपॅटायटिस सीच्या गोळ्या सुरू केल्यात? पहिल्या महिन्यात या चुका टाळा

सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीवर मी हिपॅटायटिस सीच्या, म्हणजे यकृताला इजा करणाऱ्या विषाणूच्या आजारावरच्या, गोळ्या देते. पहिली बाटली हातात घेताना गोळी कधी घ्यायची, कशी घ्यायची हे फार थोडे जण विचारतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "ताई, याचा त्रास किती होतो?" विचारायलाच हवं, त्यात काही चूक नाही. पण उत्तर अर्धवट ऐकायचं आणि मग घरी जाऊन शेजारपाजारच्या सल्ल्याने औषधाशी खेळ करायचा, हे दर महिन्याला बघून जीव तुटतो. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होतात आणि त्यातल्या बहुतेक टाळता येण्यासारख्या असतात.

आधी भीती कुठून येते ते बघू. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत या आजारावर आठवड्याला इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि रोज रायबाविरिनच्या गोळ्या असा उपचार होता, आणि तो सहा महिने ते वर्षभर चालायचा. ताप, अंगदुखी, केस गळणं, रक्त कमी होणं, मन खचणं हे सगळं त्यात होतं, आणि कित्येकांनी तो मध्येच सोडला. गावागावांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी त्या इंजेक्शनच्या आहेत. २८ जुलै २०१८ पासून सुरू असलेल्या हिपॅटायटिसवरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आज ज्या गोळ्या मोफत मिळतात, त्या वेगळ्या आहेत. यकृत फार बिघडलेलं नसेल तर सोफोसबुविर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासविर ६० मिलिग्रॅम, रोज एकदा, १२ आठवडे. सिरोसिस, म्हणजे यकृतात व्रण पडून ते कडक झालेलं, असेल तर सोफोसबुविर-वेलपाटासविर, आणि यकृत खूपच थकलेलं असेल तर त्यासोबत रायबाविरिन.

या नव्या गोळ्यांनी त्रास किती होतो? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सोफोसबुविर-वेलपाटासविर घेणाऱ्या ६२४ जणांपैकी २९ टक्के लोकांनी डोकेदुखीची तक्रार केली. त्याच चाचणीत ज्यांना औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी दिली होती, त्यांच्यातही २८ टक्के लोकांनी डोकेदुखी सांगितली. थकवा २० आणि १७ टक्के, मळमळ १२ आणि ११ टक्के. हे आकडे मी प्रत्येकाला सांगते. तुमचं डोकं खरंच दुखतं आहे, ते खोटं कोणीच म्हणत नाही. पण त्याचं कारण दर वेळी ही गोळीच असेल असं नाही, आणि गोळी सोडल्याने ते थांबेलच असंही नाही.

औषध "उष्ण पडलं" म्हणून दिवसाआड घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. पहिल्या दोन आठवड्यांत डोकं जड होतं, तोंडाला चव नसते, तळपायांची आग होते. घरातलं मोठं माणूस म्हणतं, "औषध उष्ण पडतंय, रोज नको घेऊ." आणि गोळी दिवसाआड सुरू होते. कुणी अर्धी तोडून घेतं. डॉक्टरांना कुणीच सांगत नाही, कारण ते रागावतील.

एक टेम्पोचालक मुलगा होता, तिशीच्या आतला. यकृत चांगलं होतं, तीन महिन्यांत सुटला असता. दुसरी बाटली न्यायची तारीख उलटून गेली तरी आला नाही. फोन केला तर म्हणाला, "ताई, अजून आहेत माझ्याकडे, संपल्या की येतो." बाटलीत २८ गोळ्या असतात. २८ दिवसांनंतर "अजून आहेत" हे शब्द ऐकले की माझ्या छातीत धस्स होतं. त्याला बाटल्या घेऊन बोलावलं, तर निम्म्या गोळ्या तशाच. डोकेदुखीमुळे आईने दिवसाआड घ्यायला सांगितलं होतं आणि त्याला वाटलं, निदान बंद तर केलं नाही ना. पुढचे महिने त्याने नेमाने गोळ्या घेतल्या, पण उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी विषाणूंची तपासणी केली तेव्हा विषाणू होताच.

यामागचं कारण नीट समजून घ्या. ही औषधं विषाणूला नवी पिलावळ करू देत नाहीत. रक्तातलं औषध दिवसाआड खाली गेलं की विषाणूला वाढायला फट मिळते, आणि त्या अर्धवट औषधातही जे विषाणू तग धरतात तेच पुढे वाढत जातात. डॅक्लाटासविर आणि वेलपाटासविर ज्या गटातली आहेत, त्या गटाला दाद न देणारे विषाणू शरीरात वर्षानुवर्षं राहू शकतात. त्या मुलाला मोठ्या केंद्रात पाठवावं लागलं. तिथे २४ आठवड्यांचा उपचार आणि सोबत रायबाविरिन मिळालं. डोकेदुखीला घाबरलेल्या त्या मुलाचं रायबाविरिनने हिमोग्लोबिन उतरलं, जिना चढताना दम लागायला लागला, टेम्पो काही काळ भावाने चालवला. तो आता बरा आहे. पण हा सगळा त्रास त्याच्या वाट्याला यायला नको होता.

तळपायांची आग होते तर ताक प्या, सब्जा घ्या, गुलकंद खा, मधुमेह नसेल तर त्याने काही बिघडत नाही. गोळीची तारीख मात्र हलवू नका. मी प्रत्येकाला घरातल्या कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात गोळी घेतल्यावर लगेच बरोबरची खूण करायला सांगते. मोबाइलचा गजर बंद करून माणूस झोपतो, भिंतीवरचा रिकामा चौकोन घरातल्या सगळ्यांना दिसतो. वेळ चुकली आणि ठरलेल्या वेळेपासून १८ तास झाले नसतील तर आठवल्याबरोबर घ्या. त्याहून उशीर झाला असेल तर ती सोडून पुढची वेळेवर घ्या. दोन एकदम कधीच नाहीत.

पित्ताची गोळी: त्रासावरचा इलाज औषधालाच मारतो

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण यात माणूस निष्काळजी नसतो, उलट काळजीच घेत असतो. आपल्याकडे मळमळलं, छातीत जळजळलं, डोकं दुखलं की "पित्त झालंय" आणि पित्त झालं की पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, सकाळी चहाआधी घ्यायची सवय अर्ध्या महाराष्ट्राला आहे. लोक याला औषध मानतच नाहीत. "दुसरी काही औषधं चालू आहेत का?" असं विचारलं की "काही नाही" म्हणतात आणि खिशात पित्ताच्या गोळ्यांची पट्टी असते.

वेलपाटासविर पोटातल्या आम्लात विरघळतं. आम्ल कमी झालं की ते नीट विरघळत नाही आणि रक्तात पुरेसं पोचत नाही. म्हणजे मळमळ शमवायला घेतलेली गोळी मूळ औषधाचाच जोर काढून घेते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. उलट पोट शांत झालेलं असतं, त्यामुळे माणूस खूश असतो.

एसटीतून निवृत्त झालेले एक काका सिरोसिसमुळे सोफोसबुविर-वेलपाटासविरवर होते. अतिशय नियमित, कालनिर्णयवर एकही चौकोन रिकामा नाही. तिसऱ्या आठवड्यात बोलता बोलता म्हणाले, "ताई, आता मळमळ पार गेली. पित्ताची गोळी आणि ही गोळी सकाळी एकदमच घेतो, विसरायला नको." उपाशीपोटी, दोन्ही एकत्र, वरून चहा. मी त्यांना तिथेच बसवून डॉक्टरांना बोलावलं. बंद करण्यासारखी होती म्हणून पित्ताची गोळी डॉक्टरांनी बंद केली, वेलपाटासविरची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगितली, आणि काकांचं सकाळचं जळजळणं रात्रीचं जेवण लवकर करून आणि चहाआधी चार घास खाऊन पुष्कळ कमी झालं. त्यांचा शेवटचा तपास निरंक आला. ते सहज बोलून गेले म्हणून कळलं. न बोलणारे किती असतील याचा विचार केला की झोप लागत नाही.

काहींना पित्ताची गोळी खरंच लागते, पोटात व्रण असतो किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतात. अशा वेळी वेलपाटासविर जेवणासोबत आणि ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम त्यानंतर चार तासांनी, असा मार्ग आहे, पण तो डॉक्टरांनी ठरवायचा. पांढरं पातळ अँटासिड किंवा चघळायची गोळी घेतली तर तिच्यात आणि वेलपाटासविरमध्ये चार तासांचं अंतर ठेवा. डॅक्लाटासविरच्या बाबतीत पित्ताच्या गोळीची एवढी अडचण येत नाही. म्हणून शेजाऱ्याला चाललं ते तुम्हाला चालेल असं समजू नका. आधी बाटलीवरचं नाव वाचा.

मळमळीसाठी मी सांगते ते साधं आहे: रिकाम्या पोटी गोळी नको. भाकरी, पोहे, भात, जे घरात असेल ते पोटभर खा आणि मग गोळी. तरी मळमळलं तर गोळी रात्रीच्या जेवणानंतर न्या. झोप उडत असेल तर उलट सकाळच्या न्याहारीनंतर. वेळ बदलायची असेल ती एकदाच आणि केंद्राला सांगून. उलटी झालीच तर किती वेळाने झाली ते बघा. सोफोसबुविरसाठी दोन तास, वेलपाटासविरच्या गोळीसाठी तीन तास धरतात. त्याआधी उलटली असेल तर दुसरी घ्यावी लागते, म्हणजे बाटलीत एक गोळी कमी पडणार. तेव्हा त्याच दिवशी फोन करा, महिनाअखेरीची वाट पाहू नका.

कावीळीचं झाडपाल्याचं औषध सोबत घेणं

नाही म्हणजे नाही. कोणत्याही वैदूकडचं नको, काढा नको, "यकृत साफ करणारी" पावडर नको. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी केलेली आहे. तुमचं यकृत आधीच आजारी आहे, आणि मध्येच यकृताचे आकडे वाढले तर कशामुळे वाढले हे शोधण्यात आठवडे जातात. तीन महिने थांबा.

डोकेदुखीवर वाटेल ती वेदनाशामक गोळी

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक सिरोसिस असलेल्याने घेऊ नये. मूत्रपिंड आणि पोटातला रक्तस्राव, दोन्हीचा धोका. पॅरासिटामॉल चालतं, पण सिरोसिसमध्ये दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, आणि दारूसोबत अजिबात नाही. आधी पाणी किती पिता ते बघा. उन्हात काम करून दिवसभरात दोन तांबे पाणी पिणाऱ्याचं डोकं गोळीशिवायही दुखतं.

मधुमेह असून साखर न तपासणं

विषाणू कमी व्हायला लागला की काहींची साखर खाली येते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडचा डोस मात्र जुनाच. मग घाम, थरथर, गळून गेल्यासारखं होतं आणि लोक म्हणतात औषधाने अशक्तपणा आला. पहिल्या महिन्यात साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा.

चालू औषधांची यादी न दाखवणं

हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडारोन चालू असेल आणि त्यावर सोफोसबुविर सुरू केलं, तर ठोके धोकादायक इतके मंद होऊ शकतात. यावर २०१५ मध्येच अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला आहे. क्षयाचं रिफाम्पिसिन, फिटचं फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन या गोळ्यांना निकामी करतं. कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ करणारं वॉरफेरिन, एचआयव्हीची औषधं, सगळं सांगा. पूर्वी हिपॅटायटिस बी झालेला असेल तर सीवरच्या उपचारात तो पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून बीची तपासणी आधीच झाली आहे ना ते विचारा. नावं पाठ नसतील तर घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. मला ती पिशवी खिडकीवर उलटी करायला आवडते. तोंडी यादीत निम्मी औषधं राहून जातात.

रायबाविरिन हलक्यात घेणं

ज्यांना रायबाविरिन जोडलं आहे त्यांच्यासाठी वर सांगितलेला दिलासा पुरत नाही. ते रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. हिमोग्लोबिनची तपासणी दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात सांगितली असेल तर ती त्याच आठवड्यात करा. "बरं वाटतंय" म्हणून टाळू नका. दम लागणं, छातीत धडधड, चक्कर हे लगेच कळवा, डोस कमी करता येतो, पण तो डॉक्टरांनी. कोरडा खोकला, अंगाला खाज, चिडचिड हेही याचंच असू शकतं. आणि रायबाविरिन चालू असताना व संपल्यावरही गर्भधारणा टाळायलाच हवी, औषध पत्नी घेत असो वा पती. गर्भाला गंभीर इजा होते. संपल्यावर सहा महिन्यांपेक्षा कमी तर नाहीच, तुमच्यासाठी नेमकी मुदत डॉक्टरांकडून लिहून घ्या. नवी जोडपी लाजून हे विचारत नाहीत, म्हणून मी नवरा-बायको दोघांना समोर बसवून सांगते.

दारू "थोडी"

थोडीही नाही.

सगळंच साइड इफेक्टच्या नावावर घालणं

पहिल्या चुकीच्या अगदी उलट ही चूक, आणि सिरोसिसच्या रुग्णात ती जीवावर बेतते. गोळ्या चालू आहेत म्हणून काळी डांबरासारखी शौच झाली तरी घरचे म्हणतात औषधाची उष्णता. ती पोटातल्या रक्तस्रावाची खूण असते. रात्रभर जागं राहून दिवसभर झोपणं, बोलण्यात गोंधळ, सही वाकडी येणं याला साधी निद्रानाशाची तक्रार समजू नका, यकृत थकल्याचा परिणाम मेंदूवर होत असतो. पोट फुगणं, डोळे पिवळे होणं, रक्ताची उलटी, ताप येऊन पोट दुखणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता थेट रुग्णालयात जा, आणि गोळ्यांची बाटली व उपचाराचं कार्ड सोबत न्या. रात्रपाळीच्या डॉक्टरांना तुम्ही कोणत्या गोळ्यांवर आहात हे त्या बाटलीवरूनच पटकन कळतं.