घरी गिलावा करताना डोळ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

भिंतीचा थोडासा गिलावा उखडला की गवंड्याची वाट न पाहता स्वतःच सिमेंट-वाळू आणून काम उरकणारे लोक पुष्कळ आहेत. हातमोजे त्यांच्यापैकी बरेच जण घालतात. डोळ्यांची आठवण मात्र माल डोळ्यात उडाल्यावरच होते, आणि तेव्हा काय करावे हे न सुचण्यात पहिली दोन मिनिटे निघून जातात.

सिमेंटमध्ये पाणी पडले की त्यातून चुना सुटतो आणि ओल्या मालाचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) 12 ते 13 पर्यंत जातो. आपल्या अश्रूंचा सामू 7.4 च्या आसपास असतो. अशी तीव्र अल्कली पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ विरघळवत बुबुळाच्या आत उतरत राहते, त्यामुळे माल डोळ्यात जितका वेळ राहील तितकी इजा खोल होत जाते. जिप्समचा गिलावा त्या मानाने सौम्य असतो. व्हाइट सिमेंटची पुट्टी मात्र साध्या सिमेंटइतकीच जपून हाताळावी.

म्हणून पहिली चूक पाण्याची. काम दुपारी सुरू होते, तेव्हा नळाला पाणी नसते, आणि हाताशी असते ती माल कालवण्याची बादली, जिच्यात थापी आणि रंधाही बुचकळून काढलेला असतो. ते पाणी स्वतःच सिमेंटचे असल्यामुळे डोळ्यावर मारू नये. पोते फोडण्यापूर्वीच स्वच्छ पाण्याच्या दोन बादल्या झाकून, तांब्यासह, कामाच्या जागेजवळ ठेवाव्यात. मिनिटाला एक लिटर या बेताने धार धरली तरी 20 मिनिटांना 20 लिटर पाणी लागते.

दुसरी चूक म्हणजे नेहमीच्या चष्म्यावर विसंबणे. छताला गिलावा करताना मान वर असते, थापीने मारलेला माल चिकटण्यापूर्वी त्यातला थोडा परत खाली येतो, आणि चष्म्याची वरची कड व कपाळ यांमधल्या फटीतून तो थेट डोळ्यात पडतो. यासाठी चारी बाजूंनी चेहऱ्याला घट्ट बसणारा, पट्ट्याचा गॉगल हवा. काच धुक्याने भरते म्हणून बरेच जण तो कपाळावर सरकवतात. आडोशाची छिद्रे (हवा जाते, पण माल सरळ आत येत नाही अशी) असलेला गॉगल घेतल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. गॉगल काढतानाही आधी हात धुवावेत, मान खाली झुकवावी आणि मागचा पट्टा धरून तो पुढे ओढावा, नाहीतर भुवयांवर साचलेली सिमेंटची पूड शेवटच्या क्षणी डोळ्यात उतरते. कॉन्टॅक्ट लेन्स घालून हे काम करूच नये.

एवढे करूनही माल डोळ्यात गेलाच, तर चोळू नका. वाळूचे कण बुबुळावर ओरखडे काढतात. इजा झालेला डोळा खालच्या बाजूला येईल अशी मान कलती करून नाकाकडून कानाकडे पाण्याची हलकी धार सोडावी, म्हणजे मालाचे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. वेदनेमुळे पापणी आपोआप मिटते, म्हणून दुसऱ्या कुणीतरी दोन बोटांनी ती उघडी धरावी आणि जखमी व्यक्तीने डोळा वर, खाली, दोन्ही बाजूंना फिरवावा. वरच्या पापणीच्या आत अडकलेला मालाचा खडा तिथे चुना सोडतच राहतो. तिथपर्यंत पाणी पोहोचलेच पाहिजे. लेन्स असेल तर धुता धुता काढावी. हे किमान 20 ते 30 मिनिटे, घड्याळ पाहून, करावे.

लिंबू किंवा व्हिनेगर टाकून चुन्याचा ‘जोर मारण्याचा’ प्रयत्न करू नये. त्याने आधीच भाजलेल्या डोळ्याला आणखी इजा होते. तूप, मध, गुलाबपाणी, पदराच्या टोकाने कण टिपणे, घरात उरलेले जुने थेंब घालणे, हे सगळे उपाय पाण्याचा वेळ खातात. (तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलांच्या डोळ्यांना होणारी इजा याच जातीची आहे, आणि तिलाही हेच पाणी लागते.)

धुऊन झाल्यावर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. गाडीची सोय नसल्यास महाराष्ट्रात 108 क्रमांकावर फोन करावा. डॉक्टर कागदी पट्टीने डोळ्याचा सामू तपासतात आणि तो पूर्ववत होईपर्यंत पुन्हा धुतात, म्हणून काय उडाले, किती वाजता उडाले आणि किती वेळ धुतले हे त्यांना सांगावे. डोळा फारसा लाल नाही आणि दुखणेही थांबले म्हणून घरी थांबणे धोक्याचे आहे: रक्तवाहिन्याच भाजल्या गेल्या तर डोळा पांढराफटक दिसतो, आणि अशी इजा लाल डोळ्यापेक्षा गंभीर असते.

वरील सर्व सूचना उडालेल्या मालासाठी आहेत. गिलाव्यापूर्वी काँक्रीटला टाचे मारताना (माल धरावा म्हणून खाचा पाडताना) छिन्नीचा तुकडा उडून डोळ्यात घुसला असेल, तर मात्र डोळा धुवू नये, दाबू नये आणि तुकडा ओढून काढू नये. डोक्याची बाजू फुटून पसरलेल्या छिन्नीचे असे तुकडे विशेष उडतात. अशा वेळी डोळ्याला न टेकणारी कागदी पेल्याची बैठक वरून चिकटपट्टीने बसवावी, आणि काही खायला-प्यायला न देता, कारण शस्त्रक्रिया लागू शकते, थेट रुग्णालय गाठावे.