पेरणीआधी धुरा बघा: सोयाबीनवरची शंखी गोगलगाय

2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव पट्ट्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब रातोरात खाल्ले, किती जणांवर दुबार पेरणी आली. तरी धुरा, म्हणजे रानाचा बांध, अजून कुणी बघत नाही. सगळे तास, म्हणजे पिकाच्या ओळी बघतात, आणि ओळीत गोगलगाय दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

उन्हाळाभर ती धुऱ्यावर, दगडाखाली, काडीकचऱ्यात शंखाचं तोंड पांढऱ्या पापुद्र्यानं बंद करून पडून असते. पहिल्या मोठ्या पावसानं जागी होते. यांच्यात नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येक गोगलगाय अंडी घालते. एका खेपेला शंभरावर, साबुदाण्यासारखी, ओल्या मातीत. म्हणून पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी वाया घालवू नका. दिवस मावळल्यावर आणि पहाटे, बॅटरी घेऊन, धुऱ्यावरच वेचा. उघड्या हातानं नको, हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घाला. वेचलेल्या मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा, मेल्यावर खड्ड्यात चुना टाकून पुरा. रानात मीठ फेकू नका, जमीन नासेल.

गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी धुऱ्याला टाकली की सकाळी खाली गोळा झालेल्या सापडतात. पाटाकडेला आणि बाभळीच्या सावलीत जास्त सापडतात, असा माझा अंदाज. तिथून सुरुवात करा.

बाकीची कामं नेहमीचीच:
- 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावर पेरणी
- उगवणशक्ती तपासणी, बीजप्रक्रिया
- धुऱ्यावरचं गवत, काडीकचरा काढणे
- रानाभोवती कोरड्या चुन्याचा पट्टा (पाऊस पडला की पुन्हा)

आता औषध. दुकानात गोगलगायीचं नाव काढलं की दोन-तीन कीटकनाशकांच्या बाटल्या समोर येतात. गोगलगाय कीटक नाही. त्या फवारणीनं खिसा रिकामा होतो, गोगलगायी तशाच राहतात. एका शेजाऱ्यानं तीन फवारे मारले, धुऱ्याला मात्र हात लावला नाही. पुढच्या पावसात तेवढ्याच निघाल्या.

वेचूनही आवरत नसतील तरच मेटाल्डिहाईड 2.5 टक्के गोळ्या, एकरी 2 किलो, संध्याकाळी धुऱ्याच्या कडेनं आणि पिकाच्या दोन ओळींच्या मधे टाका. कुत्री, कोंबड्या, जनावरं, लेकरं लांब ठेवा. या गोळ्या खाल्ल्या तर जीवावर बेततं. जोराच्या पावसात टाकू नका, विरघळून जातात.

आणि हे एकट्यानं होत नाही. तुमचा धुरा साफ, शेजाऱ्याचा गवतानं भरलेला, तर गोगलगायी चार रात्रींत तुमच्याकडे येतात. आजच शेजाऱ्याला हाक मारा.