दारात पोलीस, खळ्यात कुत्रा: कोकणातल्या घरांसाठी आणि गस्तीवरच्या अंमलदारांसाठी

कोकणात पोलीस घरी यायला कारणं पुष्कळ असतात. पासपोर्टची चौकशी, समन्स, आंब्याच्या बागेतल्या राखणदारांची नोंद, गणपती आणि शिमग्याचा बंदोबस्त. त्यात किनाऱ्याची गस्त वेगळीच. 1993 साली श्रीवर्धनजवळ शेखाडीला स्फोटकं उतरली, 2008 साली मुंबईवरचे हल्लेखोर समुद्रातून आले, आणि तेव्हापासून बंदरं, खाड्या आणि उतरण्याच्या जागांवर रात्री-अपरात्री बॅटरी मारत फिरणं हे पोलिसांचं नेहमीचं काम झालं. त्याच वाड्यांमध्ये रानडुकरं, वानरं आणि बिबट्याच्या भीतीने घरोघरी कुत्रा पाळलेला असतो. कुत्रा मोकळा असताना मालक आणि पोलीस बोलायला लागले की प्रकरण चिघळतं. म्हणून खाली जे काही सांगितलं आहे ते एकाच गोष्टीसाठी आहे: आधी कुत्रा बंद, मग बोलणं.

घराची तयारी

कोकणातल्या घराला शहरासारखं लोखंडी फाटक बहुधा नसतं. तीन फुटांचा चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, गडगा (कुंपणाची भिंत), बांबूचं बेडं (फाटक), आणि शेजारच्या घराकडे जाणारी पाखाडी (पायवाट) कित्येकदा आपल्याच खळ्यातून (अंगणातून) गेलेली. अनोळखी माणूस कुत्र्याच्या हद्दीत केव्हा शिरला हे त्याला स्वतःलाही कळत नाही. मध्यम उंचीचा गावठी कुत्रा तीन फुटांचा गडगा सहज पार करतो, तेव्हा गडग्यावर विसंबू नका. बेड्याजवळ हाताने वाजवायची घंटा टांगा. विजेची बेल लावली तर पावसाळ्यात लाइट गेली की ती मुकी. घंटेशेजारी पाटी लावा: "कुत्रा आहे. घंटा वाजवा, इथेच थांबा", आणि खाली मोबाईल नंबर. नुसती "कुत्र्यापासून सावध राहा" अशी पाटी लावून जबाबदारी टळत नाही, आणि रात्री ती कोणी वाचतही नाही. पाटीवर छोटा दिवा नसेल तर चकाकणारी पट्टी तरी चिकटवा.

साखळीचं बघा, कारण सगळ्यात जास्त घात इथेच होतो. चिरा सच्छिद्र असतो. त्यात ठोकलेला हूक मे महिन्यात घट्ट वाटतो. पावसात चिरा पाणी पितो, हुकाभोवतीचा भाग भुसभुशीत होतो, आणि पंचवीस किलोचा कुत्रा धाव घेऊन झटका देतो तेव्हा हूक लाल भुग्यासकट बाहेर येतो. हूक ठोकू नका. चिऱ्यातून आरपार बोल्ट घाला आणि दोन्ही बाजूंना रुंद लोखंडी पट्टी देऊन नट आवळा, किंवा दोन फूट खोल काँक्रीटमध्ये पाइप पुरून त्याला कडी लावा. माडाला कुत्रा बांधू नये. झावळ किंवा नारळ कधी पडेल सांगता येत नाही.

दुसरी कमजोर जागा म्हणजे साखळीच्या टोकाचा स्प्रिंगवाला हूक. खाऱ्या हवेत आतली स्प्रिंग गंजते. हूक बंद दिसतो, पण जीभ खाचेत पूर्ण बसलेली नसते. अंगठ्याने जीभ दाबून सोडा. "टक्" आवाज करून झटकन बंद झाली पाहिजे. रेंगाळली तर हूक बदला. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्या, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला गोड्या पाण्याने धुऊन तेल घाला. गळ्यातल्या पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकंच सैल ठेवा. त्याहून सैल असेल तर मागे ओढ घेऊन कुत्रा डोकं काढून घेतो.

मग साखळी पूर्ण ताणून कुत्र्याचं तोंड कुठवर पोचतं ते पाहा. त्याच्यापुढे आणखी सहा फूट सोडून चुन्याची रेघ मारा किंवा चिऱ्यांची ओळ लावा. येणाऱ्याने उभं राहायची जागा आणि पाखाडी दोन्ही त्या रेघेच्या बाहेर हव्यात. पाखाडी आत येत असेल तर कुत्र्याची जागा हलवा. आणि कुत्रा दिवसभर बांधून ठेवू नका. आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, या दोन्ही गोष्टी प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात गुन्हा आहेत. शिवाय असा कुत्रा माणूस दिसताच जास्त बिथरतो.

घंटा वाजली की मागच्या पडवीत जायचं, हे कुत्र्याला शिकवता येतं. घरातल्या एकाने घंटा वाजवायची, दुसऱ्याने लगेच पडवीत उकडलेल्या माशाचा काटे काढलेला तुकडा किंवा भाकरी ठेवायची, कुत्रा आत गेला की दार ओढून मिनिटभराने उघडायचं. दिवसातून चार-पाच वेळा, आठ-दहा दिवस. ते अंगवळणी पडलं की घंटा वाजवणाऱ्याने हेल्मेट घालावं, मग रेनकोट, मग हातात काठी आणि बॅटरी. कुत्रा बिचकतो तो झाकलेल्या चेहऱ्याला, फडफडणाऱ्या रेनकोटला, उगारल्यासारख्या दिसणाऱ्या काठीला आणि डोळ्यांवर पडलेल्या उजेडाला. पोलिसाच्या अंगावर पावसाळ्यात हे सगळं एकदमच असतं.

हाक आली की

दार उघडायच्या आधी आतूनच मोठ्याने सांगा: "थांबा साहेब, कुत्रो बांधतंय." हे एवढं वाक्य बाहेरच्या माणसाला जागेवर उभं करतं, आणि तुम्ही दार उघडायला उशीर का लावताय हेही सांगतं. ओटीवरचा दिवा लावा. कुत्र्याला मागच्या खोलीत घालून कडी लावा. दार नुसतं लोटून ठेवलं तर तो नाकाने उघडतो. मगच बाहेर या, आणि मागचं दार ओढून घ्या. आलेला माणूस साध्या वेशात असेल तर ओळखपत्र बघायला मागा, त्यात गैर काही नाही. घरात एकटं म्हातारं माणूस असेल आणि त्याला कुत्रा आवरत नसेल, तर त्याने दार न उघडता खिडकीतून बोलावं आणि शेजाऱ्याला किंवा पोलीस पाटलांना बोलवायला सांगावं.

कुत्रा हातातच धरायची वेळ आली तर चार ते सहा फुटांचा जाड पट्टा घ्या, पण तो ताणून धरू नका. ताणलेला पट्टा कुत्र्याला पुढे झेपावायला चिथावतो. पोलिसाकडे तोंड करून उभं न राहता कुत्र्याला आपल्या पलीकडच्या बाजूला घ्या. एका हातात पट्टा आणि दुसऱ्यात मोबाईल, असं करू नका. चित्रण करायचंच असेल तर घरातल्या दुसऱ्याने मागे उभं राहून करावं.

झडती असेल तर कागद दाखवायला सांगा आणि कुत्रा कोणत्या खोलीत आहे ते आधीच सांगा. ती खोली शेवटी घ्यायची किंवा आधी तपासून मग कुत्रा तिथे ठेवायचा, हे ठरवून घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडतीचं ध्वनिचित्रमुद्रण पोलिसांनीच करायचं असतं.

तोंडातून जाऊ नये असं वाक्य

"सोडू का कुत्रा?" रागात नको आणि थट्टेतही नको. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्यात फौजदारी बळाची व्याख्या समजावताना उदाहरणच दिलं आहे: कोणी इजा, भीती किंवा त्रास देण्याच्या हेतूने कुत्र्याला दुसऱ्यावर झेप घ्यायला चिथावलं तर ते बळ वापरणं होय. हल्ल्याच्या व्याख्येतलं उदाहरण त्याहून पुढे जातं. समोरच्याला कुत्रा अंगावर येईल असं वाटावं म्हणून चिडखोर कुत्र्याच्या तोंडाची मुसकी सोडायला लागणं, एवढ्यानेच हल्ला ठरतो. कुत्र्याने दात लावायची गरज नाही. कर्तव्यावरच्या सरकारी नोकराबाबत हे केलं तर कलम 132 लागतं. ते दखलपात्र, अजामीनपात्र, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

हेतू नसेल, नुसता हलगर्जीपणा असेल, तर कलम 291: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे दखलपात्र पण जामीनपात्र आहे, आणि अशा वेळी सहसा हजर राहण्याची नोटीस मिळते. नोटीस घ्या, सही करून पोच द्या, दिलेल्या तारखेला जा. न जाण्याने साधं प्रकरण अटकेपर्यंत ओढलं जातं. उलट बाजूला, एखाद्याने जाणूनबुजून कुत्र्याला मारलं किंवा लुळं केलं तर कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि गणवेश असल्याने त्यातून सूट नाही. अंगावर आलेल्या कुत्र्यापासून स्वतःला वाचवणं मात्र वेगळं.

अंमलदारांनी काय करावं

बेड्याबाहेरून हाक द्या, मोटरसायकलचा हॉर्न द्या, आणि थांबा. बीटमधल्या, म्हणजे नेमून दिलेल्या गस्तीच्या भागातल्या, कोणत्या घरी कुत्रा आहे आणि कोणाच्या खळ्यातून वाट जाते, हे पोलीस पाटलांना विचारून बीटच्या वहीत लिहून ठेवलं तर नवीन अंमलदाराचा त्रास वाचतो. हेल्मेट काढा. बॅटरी जमिनीवर मारा, कुत्र्याच्या डोळ्यांवर नको. काठी पायाला लावून खाली धरा.

मागेपुढे होत भुंकणारा कुत्रा बहुतेक वेळा हद्द सांगत असतो. तुम्ही थांबलात की तोही थांबतो. जास्त जपावं ते भुंकणं थांबवून ताठ झालेल्या कुत्र्याला: मान पुढे, नजर रोखलेली, खांद्यावरचे केस उभे. शेपूट हलते म्हणजे तो खूश आहे असं नाही. शेपूट उंच, ताठ आणि बारीक थरथरत असेल तर ती धोक्याची खूण आहे. आडवे उभे राहा, नजर खाली ठेवा, हात अंगाशी घ्या, आणि पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे या. पळू नका. "हाड हाड" म्हणून दगड उचलायला वाकलात तर गावठी कुत्रा एक तर पळतो, नाही तर थेट हातावर येतो, आणि यातलं काय होईल ते आधी कळत नाही. अंगावर आलाच तर मोटरसायकल, बॅग, हेल्मेट, छत्री, जे असेल ते मध्ये धरा. पिल्लं घातलेली कुत्री खोपीत किंवा लाकडांच्या माचाखाली असेल तर तिकडे फिरकूच नका.

मालकाला "कुत्रा आवर नाही तर गोळी घालीन" असं म्हटल्याने तो घाबरून कुत्र्याकडे धावतो, कुत्रा त्याची घाई बघून आणखी भडकतो. "काका, कुत्रा बांधा, आम्ही इथेच थांबलोय" एवढं पुरतं.

गाडीत आणि किनाऱ्यावर

मुंबई-पुण्याहून कुत्रा घेऊन येणाऱ्यांसाठी थोडक्यात. नाकाबंदीला गाडी बाजूला घ्या, आणि कागद देताना काच तीन-चार बोटंच खाली करा. पूर्ण उघडली तर कुत्र्याचं डोकं पोलिसाच्या हाताशी येतं. बोलायला खाली उतरा आणि दार बंद करा. डिकी तपासायची असेल तर आधी कुत्र्याला पट्टा लावून उलट्या बाजूने उतरवा. एप्रिल-मेच्या उन्हात इंजिन बंद करून कुत्र्याला काचबंद गाडीत एकटं ठेवलं तर थोड्या वेळातच जीव जाऊ शकतो, म्हणून एकाने त्याच्याजवळ थांबायचं. मुसकी लागली तर जाळीची घ्या. कापडी मुसकीत कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येत नाहीत आणि दमट हवेत तो उष्माघाताने कोसळतो. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी असतात. तिथे कुत्रा अजिबात मोकळा सोडू नका.

चावलाच तर

आधी कुत्रा बंद. मग जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही लावू नका आणि घट्ट पट्टी बांधू नका. माणसाला स्वतःच्या गाडीतून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. जखम खोल असेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, कारण लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. कातडीत दिली जाणारी लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असते. एकही चुकवायची नाही. तुमच्या कुत्र्याला रेबीजची लस दिली असली तरी चावलेल्याचा उपचार टाळू नका. लसीच्या दाखल्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. कुत्रा दहा दिवस जिवंत, बांधलेला आणि नजरेखाली राहिला पाहिजे. घाबरून त्याला लांब नेऊन सोडणारे किंवा मारणारे लोक चावलेल्या माणसाचाच घात करतात: दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे डॉक्टरांना कळतं.

त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, कागदावर लिहा: वेळ, कुत्रा कुठे होता, साखळी किती, घंटा वाजली का, कोण कोण हजर होतं. हुकाचा, बेड्याचा आणि चुन्याच्या रेघेचा फोटो काढा, नंतर दुरुस्ती करा. तुमच्या कुत्र्याला विनाकारण मारलं गेलं असेल तर पशुवैद्यकाकडून जखमांचा दाखला किंवा शवविच्छेदन अहवाल घ्या. त्याशिवाय तक्रार तग धरत नाही. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा: रायगडसाठी अलिबाग, रत्नागिरी जिल्ह्यासाठी रत्नागिरी, सिंधुदुर्गसाठी ओरोस. पोस्टाची पावती जपून ठेवा.