'सिम्स ४'च्या विद्यापीठातून सिमला पदवीपर्यंत कसे न्यावे

'सिम' नावाच्या पात्रांचे आयुष्य चालवण्याच्या 'द सिम्स ४' या खेळाला महाविद्यालयीन जीवनाची जोड देणारा 'डिस्कव्हर युनिव्हर्सिटी' हा विस्तार संच मॅक्सिसने तयार केला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तो १५ नोव्हेंबर २०१९ रोजी संगणकासाठी आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला कन्सोलसाठी बाजारात आणला. मूळ खेळ ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य मिळतो, हा संच मात्र विकतच घ्यावा लागतो. त्यात ब्राइटचेस्टर नावाचे नवे गाव, दोन विद्यापीठे, तेरा पदव्या, दोन नवी कौशल्ये आणि तीन नव्या नोकऱ्या आहेत. पण हा संच खेळताना खरी कसोटी लागते ती वेळेच्या हिशेबाची, आणि पहिल्या सत्रात हात पोळतात ते बहुतेक याच कारणाने.

याचे मूळ मालिकेच्या इतिहासात आहे. 'सिम्स २'साठी २००५ साली आलेल्या विद्यापीठ संचात विद्यार्थीदशा ही स्वतंत्र वयोवस्था होती आणि तिथला काळ घरच्या काळापासून तोडलेला होता. 'सिम्स ३'च्या २०१३ सालच्या संचात विद्यापीठ हे प्रवास करून गाठायचे वेगळे जग होते. 'सिम्स ४'मध्ये अशी सवलत नाही. तुमचा सिम वर्गात बसलेला असताना त्याचे तरुणपणाचे दिवस सरत असतात, भूक लागत असते, घराची बिले येत असतात आणि नोकरी सोडली नसेल तर तिथल्या हजेरीचाही प्रश्न उभा राहतो. म्हणून अर्ज करण्याआधी खेळाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आयुर्मान 'लाँग' करावे, किंवा वय वाढण्याचा पर्याय 'ओन्ली ॲक्टिव्ह हाउसहोल्ड' (फक्त सध्या खेळत असलेले कुटुंब) यावर ठेवावा. दुसऱ्या पर्यायाचा फायदा असा की सिम वसतिगृहात राहायला गेल्यावर मागे राहिलेले आईवडील पदवीदान होईपर्यंत म्हातारे होत नाहीत.

प्रवेशापूर्वीची तयारी

विद्यापीठात तरुण आणि त्यापुढील वयाचे सिम जाऊ शकतात, किशोरवयीन सिमना प्रवेश नाही. असे असले तरी पाया किशोरवयातच घालावा, कारण शाळेतील चांगली श्रेणी आणि वाढलेली कौशल्ये प्रवेशाच्या वेळी कामी येतात. दोन्ही विद्यापीठांत तेराही पदव्यांचे शिक्षण मिळते. फरक आहे तो 'डिस्टिंग्विश्ड' म्हणजे विशेष दर्जाच्या पदवीचा, कारण कोणत्याही एका विषयात ही विशेष पदवी एकच विद्यापीठ देते. युनिव्हर्सिटी ऑफ ब्राइटचेस्टर हे जुन्या वळणाचे, दगडी इमारतींचे विद्यापीठ असून कलेतिहास, ललित कला, पाककला, इतिहास, भाषा व साहित्य अशा विषयांत त्याचा मान मोठा आहे. फॉक्सबरी इन्स्टिट्यूट आधुनिक बांधणीची असून संगणकशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र यांत ती पुढे आहे. साध्या पदवीचा प्रवेश कुणालाही मिळतो, विशेष पदवीसाठी मात्र त्या विषयाशी संबंधित कौशल्य आधी वाढवावे लागते.

कोणते कौशल्य, हे बहुतेक वेळा विषयाच्या नावावरूनच समजते. संगणकशास्त्रासाठी प्रोग्रॅमिंग, ललित कलेसाठी चित्रकला, पाककलेसाठी स्वयंपाक आणि 'व्हिलनी' अर्थात खलनायकी या विषयासाठी खोड्या काढण्याचे कौशल्य. (खलनायकीची पदवी ऐकून हसू येते, पण गुन्हेगारीच्या किंवा गुप्तहेराच्या नोकरीत ती खरोखर उपयोगी पडते.) पहिल्या अर्जात विशेष पदवी मिळाली नाही, तर निराश होऊन साधी पदवी लगेच पदरात पाडून घेण्यापेक्षा काही दिवस कौशल्य वाढवून पुन्हा अर्ज करणे शहाणपणाचे ठरते, कारण पुढे नोकरीत दोन्हींतला फरक चांगलाच जाणवतो.

अर्ज संगणकावरून करता येतो आणि त्याचे शुल्क ७५ सिमोलियन (खेळातले चलन) आहे. उत्तर लगेच येत नाही. काही वेळाने पत्रपेटीत पत्र येते आणि कोणत्या विद्यापीठात कोणत्या पदव्यांसाठी प्रवेश मिळाला हे त्यातून कळते. अर्ज आणि प्रत्यक्ष नावनोंदणी यांच्या मधल्या काळात शिष्यवृत्तीचेही अर्ज भरावेत. काही शिष्यवृत्त्या कौशल्य पाहून दिल्या जातात, त्यामुळे ज्याने किशोरवयात काहीतरी शिकून ठेवले आहे त्याचा खर्च आपोआप कमी होतो. नावनोंदणी करताना शुल्क भरण्यासाठी कर्जाचाही पर्याय समोर येतो. खिशात पैसे असताना केवळ सोय म्हणून कर्ज घेऊ नये. ते पुढे फेडावेच लागते आणि नव्याने नोकरीला लागलेल्या सिमच्या पहिल्या पगारांवर त्याचा भार पडतो.

विषय किती घ्यावेत

पदवीसाठी बारा विषय पूर्ण करावे लागतात आणि एका सत्रात एकापासून चारपर्यंत विषय घेता येतात. सत्र साधारण एका सिम-आठवड्याचे असते. म्हणजे चार-चार विषय घेतल्यास तीन सत्रांत पदवी हाती येते, तीन-तीन घेतल्यास चार सत्रे लागतात आणि दोन-दोन घेतल्यास सहा. आकडे पाहून चार विषयांचा मोह होतो, कारण तरुणपणाचे दिवस मोजकेच असतात. माझे मत असे की चार विषय घ्यावेत ते केवळ वसतिगृहात राहणाऱ्या, नोकरी नसलेल्या आणि घरी लहान मूल नसलेल्या सिमनेच. चार विषय म्हणजे चार ठिकाणचा गृहपाठ, चार ठिकाणची तासिका आणि सत्राअखेरची चार मोठी कामे. ती एकाच आठवड्यात बसवताना झोपेला कात्री लागते, झोप कमी झाली की मूड बिघडतो आणि बिघडलेल्या मूडमध्ये केलेले काम निकृष्ट उतरते. तीन विषय घेतल्यास एक सत्र वाढते, पण श्रेणी चांगली राहते आणि सिमला मित्र करायलाही सवड मिळते. नोकरी किंवा बाळ सांभाळत शिकायचे असेल तर दोनच विषय घ्यावेत. दोन सत्रांच्या मध्ये खंड पाडता येतो, त्यामुळे पदवी एका दमात संपवण्याची सक्ती नाही.

येथे 'एटीकेटी'सारखी सोय मात्र नाही. विषयात नापास झाल्यास त्याचे शुल्क पुन्हा भरून तो पुढच्या सत्रात घ्यावा लागतो. गुणांची सरासरी फार घसरली तर विद्यापीठ आधी ताकीद देते आणि सुधारणा झाली नाही तर सिमला काही काळ बाहेरही काढते.

राहण्याचा प्रश्न

वसतिगृह, विद्यापीठाबाहेरचे घर आणि स्वतःचे घर असे तीन मार्ग आहेत. वसतिगृहात खोली मिळते, स्वयंपाकघर व स्नानगृहे सामायिक असतात आणि सोबतचे विद्यार्थी खेळ स्वतःच ठरवतो. गोष्ट रंगवण्याच्या दृष्टीने हाच पर्याय सर्वांत मजेदार आहे, पण येथे फक्त नाव नोंदवलेले सिमच राहू शकतात. बाळ, आजी किंवा कुत्रा बरोबर नेता येत नाही. स्वतःच्या घरातून येजा करणाऱ्या सिमला कुटुंब सोडावे लागत नाही, मात्र घरची कामे अभ्यासाचा वेळ खातात. शेजाऱ्याची खरकटी ताटली तुमच्याच टेबलावर पडलेली असणे आणि सामायिक संगणकापुढे नेमके निबंध लिहायच्या वेळी दुसरेच कोणी खेळत बसलेले असणे, ही वसतिगृहातली नेहमीची अडचण आहे. त्यावर उपाय म्हणजे पहिल्याच दिवशी एक लॅपटॉप घेऊन सिमच्या इन्व्हेंटरीत (जवळच्या वस्तूंच्या साठ्यात) ठेवणे. मग तो खोलीत, ग्रंथालयात किंवा बागेतल्या बाकावर, जिथे जागा मिळेल तिथे काम करू शकतो. पैशाची चणचण असलेल्यांनी बाहेरच्या घरात खोलीसोबती ठेवावेत. ही सोयही याच संचाने दिली आणि त्यांच्याकडून भाडे मिळते.

आठवडा कसा लावावा

नावनोंदणी होताच तुमच्या कीबोर्डवरचे 'जे' (J) हे बटण दाबून करिअर पॅनेल उघडावे. प्रत्येक विषयाची तासिका केव्हा आहे, त्याचा गृहपाठ झाला की नाही आणि सत्राअखेर परीक्षा आहे, निबंध आहे की सादरीकरण, हे सर्व तिथे दिसते. हे पॅनेल रोज पाहिल्याशिवाय आठवडा हातात राहत नाही.

आता क्रमाबद्दल. नवे खेळाडू आधी गृहपाठ करतात, मग तासिकेला जातात आणि निबंधाला शेवटच्या दोन दिवसांत हात घालतात. तीन विषय असतील तर या पद्धतीने शेवटच्या रात्री दोन निबंध आणि एक सादरीकरण एकत्र अंगावर येते. याच्या उलट करावे. ज्या विषयांत निबंध किंवा सादरीकरण आहे ते काम सत्राच्या पहिल्या मोकळ्या संध्याकाळीच सुरू करावे आणि परीक्षेच्या विषयांसाठी शेवटचे दिवस ठेवावेत, कारण परीक्षेची तयारी तिच्या जवळ केली तरी चालते, निबंध मात्र आधीच संपवून बाजूला ठेवता येतो.

निबंध संगणकावर लिहावा लागतो. लिहून झाला म्हणजे काम संपले असे समजून तो लगेच सादर करू नये. त्याच मेन्यूतून तो आणखी सुधारता येतो आणि दर्जा वाढत जातो. शक्यतो दर्जा पुरेसा वर गेल्यावरच तो पाठवावा. सिम 'फोकस्ड' म्हणजे एकाग्र मनःस्थितीत असेल तेव्हा हे काम चांगले होते, म्हणून लिहायला बसवण्यापूर्वी त्याला बुद्धिबळ खेळायला लावणे हा मूळ खेळातला जुना उपाय येथेही उपयोगी पडतो. सादरीकरणासाठी बिल्ड मोडमधून (घर बांधण्याच्या आणि सामान घेण्याच्या विभागातून) सादरीकरणाचा फलक घ्यावा, त्यावर त्या विषयाचे काम सुरू करावे, तो सुधारून घ्यावा आणि मुदतीपूर्वी सादर करावा. निबंधात दुसऱ्याचे उचलण्याचा पर्यायही खेळ देतो. तो घेऊ नये, कारण पकडले गेल्यास श्रेणी बुडते आणि ज्या वेळेसाठी तो घेतला ती वेळही वाया जाते.

गृहपाठ हा रोजचा नेम आहे. गृहपाठाचे पुस्तक सिमच्या इन्व्हेंटरीत असते, त्यावर क्लिक करून विषय निवडायचा. ते सकाळी तासिकेला जाण्याआधी किंवा रात्री जेवणानंतर करावे, पण तासिकेच्या वेळेपर्यंत ते झालेले असावे. तासिका चुकवू नये. इमारतींमधली अंतरे बरीच आहेत, तेव्हा सायकल घ्यावी. ती याच संचातून आली असून चालत जाण्यात जाणारा वेळ वाचवते.

संशोधन व वादविवाद हे नवे कौशल्य ज्यांना अभ्यासात पुढे राहायचे आहे त्यांनी पहिल्या सत्रापासून थोडेथोडे वाढवावे. ग्रंथालयातील संशोधन यंत्रावर ते वाढते आणि अभ्यासाला त्याचा थेट हातभार लागतो. रोबोटिक्स हे दुसरे नवे कौशल्य मात्र वेळखाऊ आहे. सर्वोच्च म्हणजे दहाव्या पातळीला पोचल्यावर कार्यशाळेच्या टेबलावर सर्व्हो नावाचा यंत्रमानव घडवता येतो आणि तो कुटुंबाचा पूर्ण सदस्य म्हणून खेळता येतो; पण हे काम पदवीनंतर करावे, सत्राच्या मध्ये नाही. फुटबॉलचा संघ, ई-स्पोर्ट्सचा संघ, आर्ट सोसायटी, बॉट सॅव्हंट्स (यंत्रमानवप्रेमींचा गट), डिबेट गिल्ड असे जे गट आहेत त्यांच्यापैकी एकालाच हो म्हणावे. एकापेक्षा अधिक गटांच्या बैठका सांभाळत श्रेणी टिकवणे अवघड जाते, आणि खरे सांगायचे तर ब्राइटचेस्टर गावातल्या पेपर्स पबमधली संध्याकाळ मैत्री जोडायला कोणत्याही बैठकीपेक्षा सरस ठरते.

पदवीनंतर

सत्र संपल्यावर श्रेणी कळतात आणि बारावा विषय उत्तीर्ण झाला की पदवी मिळते. चांगल्या सरासरीवर ती सन्मानासह मिळते. पदवी घेतल्यावर नोकरी शोधताना आधी पॅनेलमध्ये त्या नोकरीची कोणती पातळी देऊ केली आहे हे पाहावे, कारण संबंधित विषयाच्या पदवीमुळे सिमला तळापासून सुरुवात करावी लागत नाही आणि विशेष पदवी असेल तर तो आणखी वरून सुरू करतो. या संचात आलेल्या शिक्षण, अभियांत्रिकी आणि कायदा या तीन नोकऱ्या प्रत्येकी पुढे दोन शाखांत फुटतात: शिक्षणात प्राध्यापक किंवा प्रशासक, अभियांत्रिकीत संगणक किंवा यांत्रिकी अभियंता, कायद्यात न्यायाधीश किंवा खासगी वकील. कोणती शाखा घ्यायची हे ठाऊक असेल तर पदवीचा विषय त्याच दृष्टीने निवडावा. शेवटी, नोकरीआधीच्या मोकळ्या दिवसांत कर्जाचे उरलेले हप्ते आणि घरभाडे यांचा हिशेब लावून मगच वसतिगृहातून सामान हलवावे.