भिंतीआधीचे कागद: भित्तिचित्राच्या पूर्वतयारीविषयी

नागपुरात चित्रकलेचे शिक्षण संपवून मी एका संग्रहालयाच्या इमारतीतील रूपकात्मक, म्हणजे अमूर्त कल्पना माणसांच्या रूपात दाखवणाऱ्या, भित्तिचित्रावर साहाय्यक म्हणून रुजू झालो, तेव्हा रंग कालवायला मिळतील अशी माझी समजूत होती. पहिले तीन महिने मात्र हाती कोळसाच राहिला. भिंत 20 फूट रुंद, 12 फूट उंच, आणि विषय काळापासून स्मृतीचे रक्षण.

मी स्मृतीच्या हाती दिवा आणि पोथी देऊन मोकळा झालो. ‘दिवा काढून घेतला, तर ही बाई कोण?’ असे सरांनी विचारले, आणि मला उत्तर सुचेना. मग त्यांनी अमेरिकी चित्रकार जॉन सिंगर सार्जंट यांची, बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातील छतचित्रांसाठी केलेली कोळशाची रेखाटने दाखवली. 1916 साली भेटलेला थॉमस मॅकेलर हा हॉटेलात लिफ्ट चालवणारा कृष्णवर्णीय तरुण सार्जंट यांच्यासमोर उभा राहिला, आणि त्याच्याच देहावरून ग्रीक देव अपोलो घडला, काही स्त्रीआकृतीही घडल्या. छतावर मात्र त्या गौरवर्णी झाल्या आणि त्याचा चेहरा उरला नाही, हे मला आजही खटकते. म्हणून जो कोणी तुमच्यासमोर तासन्‌तास उभा राहील, त्याची संमती घ्या, मेहनताना ठरवून द्या आणि रेखाटनामागे त्याचे नाव लिहा.

आमच्या स्मृतीसाठी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरील मावशी उभ्या राहिल्या. आधी देहाचा तोल, मग लुगड्याच्या चुण्या, आणि दिवा सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवला. चुण्यांखालचे वजन कळावे म्हणून मी अजब बंगल्यातील, म्हणजे 1863 सालच्या मध्यवर्ती संग्रहालयातील, दगडी मूर्तींसमोर बसत असे. तो सराव कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडला.

एका फुटास एक इंच या प्रमाणात लहान चित्र करून त्यावर चौकटी आखल्या आणि त्यांवरून पूर्ण मापाचा खाका काढला. पावसाळी दमटपणाने कागद फुगतो, म्हणून भिंतीवर लावण्याआधी दोन्ही कर्ण सारखे आहेत ना, हे दोरीने मोजून पाहावे. खाका भिंतीला चिकटवून दारातून पाहिला, तेव्हा मावशींचे डोके खांद्यात रुतल्यासारखे दिसले, कारण चित्राची खालची कडाच नजरेच्या बरीच वर होती. मान बोटभर लांबवली, डोके किंचित मोठे केले आणि मगच रेषांवर सुईने भोके पाडून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवली, म्हणजे रेषा ठिपक्यांनी भिंतीवर उतरतात.