कोटेशन स्पॅममध्ये जातंय? आधी हे तपासा

सोलापुरातून टॉवेल-चादरींचं कोटेशन स्वतःच्या डोमेनवरून पाठवलं, तरी ते परगावच्या व्यापाऱ्याच्या स्पॅममध्ये पडतं. मजकूर बदलत बसण्याआधी हे करा:

१. त्याच पत्त्यावरून आपल्याच एखाद्या जीमेलला मेल पाठवा. संगणकावर उघडून तीन टिंबांच्या मेनूतलं ‘शो ओरिजिनल’ दाबा.
२. एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ती सूचना), तिन्हींपुढे ‘पास’ हवं.
३. नसेल तर मेल-सेवेने दिलेल्या नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत) भरा. डीमार्क सुरुवातीला ‘पी=नन’वरच, म्हणजे ‘तपासणी फसली तरी मेल अडवू नका’ या सूचनेवर, ठेवा.

गोम बहुतेकदा एसपीएफमध्ये असते. एका डोमेनला त्याची नोंद एकच चालते. बिलिंग सॉफ्टवेअरसाठी दुसरी टाकली की तपासणीच फसते. नवा ‘इन्क्लूड’ (त्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरना परवानगी देणारा भाग) जुन्याच ओळीत, शेवटच्या ‘ऑल’च्या आधी घाला.