दोन हार्ड डिस्कचं मिररिंग, विंडोजमधेच

डिस्क कधीतरी जाणारच हे धरूनच चालायचं, म्हणून दोन डिस्कवर तोच डेटा एकाच वेळी लिहिला गेला की एक गेली तरी काम थांबत नाही, ह्यालाच रेड १ किंवा मिररिंग म्हणतात. वेगळं कार्ड लागत नाही, विंडोज १० किंवा ११ मधे (होम एडिशनला पण) स्टोरेज स्पेसेस नावाची ह्यासाठीची सोय आधीपासूनच असते.

डिस्क शक्यतो सारख्याच साईझच्या घ्या कारण जागा लहान डिस्कएवढीच मिळते, म्हणजे ४ टीबीच्या दोन लावल्या तरी वापरायला ४ च, आणि विंडोज ते ३.६३ च्या आसपास दाखवतं, त्यात काही बिघडलेलं नसतं. दोन्ही पीसीच्या आतमधे साटा केबलने (मदरबोर्डला डिस्क जोडायची केबल) जोडा. यूएसबी डॉक (डिस्क बाहेरून लावायचा स्टँड) टाळाच, काही डॉक दोन्ही डिस्कचा सीरियल नंबर एकच सांगतात आणि मग सगळाच घोळ. लावायच्या आधी प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर कागदावर लिहून केबिनेटमधे चिकटवा, उद्या एक बंद पडली की नेमकी कुठली काढायची ते ह्यावरूनच कळणार.

आता स्टार्टमधे स्टोरेज स्पेसेस टाईप करा, नवीन पूल (म्हणजे डिस्कचा एकत्र गट) बनवायचा ऑप्शन घ्या आणि दोन्ही डिस्कवर टिक करा. इथे थांबून नीट बघा, ह्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे जुना डेटा आधी दुसरीकडे हलवलेला हवा. पुढच्या स्क्रीनवर ड्राईव्हला नाव आणि अक्षर द्या, फाईल सिस्टीम एनटीएफएस, आणि रेझिलियन्सी टाईपला (डेटा कसा जपायचा तो प्रकार) टू-वे मिरर. सिंपल निवडलं तर डेटाची दुसरी कॉपी होतच नाही! साईझचा आकडा आहे तसाच ठेवा, तिथे खऱ्या जागेपेक्षा मोठा आकडा पण चालतो पण मग पूल भरला की ड्राईव्ह ऑफलाईन जातो. विंडोज स्वतः मात्र ह्या ड्राईव्हवर टाकता येत नाही, ते वेगळ्या एसएसडीवरच राहू द्या.

ड्राईव्ह भरायच्या आधी टेस्ट कराच, हे बहुतेक लोक करत नाहीत. दोनचार फाईली टाका, पीसी पूर्ण बंद करून एका डिस्कची केबल काढा, चालू करा. वॉर्निंग येईल पण फाईली उघडल्या पाहिजेत. मग परत बंद करून केबल लावा आणि रिपेअर (दोन्ही डिस्क परत सारख्या होणं) पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावू नका.

मिरर म्हणजे बॅकअप नाही हं, फाईल चुकून डिलीट झाली किंवा रॅन्समवेअर (फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) घुसला तर तो बदल दोन्हीकडे त्याच क्षणी जातो, म्हणून तिसरी कॉपी एखाद्या एक्स्टर्नल डिस्कवर घ्या आणि ती एरवी काढून ठेवा.

खरंच डिस्क गेली तर नवीन जोडा, त्याच स्क्रीनवर ॲड ड्राईव्ह्स करून पूलमधे घ्या, रिपेअरला मोठ्या डिस्कवर बरेच तास लागू शकतात, आणि ते संपल्यावरच जुनी डिस्क पूलमधून रिमूव्ह करा.